बिटाच्या रंगाची गाठी

बाबा, इतवारीत गाठ्या लागल्या आहेत. दुकानांच्या फळ्यांवर, हातगाड्यांच्या दांड्यांवर साखरेच्या माळा लटकल्या आहेत, पांढऱ्या, पिवळ्या, केशरी, आणि त्यांच्या मधोमध तो गुलाबी, जो लांबूनच दिसतो. परवा मी मुद्दाम त्या रस्त्याने गेले. विकत काही घ्यायचं नव्हतं, आमच्या कारखान्यातून गेलेला माल कुठे कुठे लागला आहे ते बघायचं होतं. एका दुकानात एक आजी नातवाच्या पहिल्या होळीसाठी गाठी निवडत होती. दुकानदाराने दोन पुढे धरल्या. तिने डोळे बारीक करून दोन्ही पाहिल्या आणि म्हणाली, "थे नोको, फिक्की हाय. हे गुलाबी दे." तिने घेतलेल्या गाठीच्या पाकिटावर लिहिलं होतं, बिटाचा नैसर्गिक रंग. ती ओळ मी लिहिली आहे. ती खोटी आहे, आणि हे त्या दुकानदाराला माहीत नव्हतं, आजीला माहीत नव्हतं, त्या दुकानात फक्त मला माहीत होतं. ती पैसे देऊन निघाली, आणि मी घरी आले. आज रविवार आहे. आई विहारात गेली आहे. मी सकाळपासून तीनदा चहा ठेवला आणि तिन्ही वेळा प्यायला विसरले, म्हणून शेवटी लिहायला बसले.

तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्यानंतर मी पास झाले, अन्नतंत्राची पदवी घेतली, आपल्या घरातली पहिली. आईने ते सर्टिफिकेट तुमच्या फोटोखाली लावलं आहे, पाहुणे आले की ती आधी त्यांना पाणी देते आणि मग सर्टिफिकेट दाखवते. नोकरी मला धाकट्या सेठजींनी दिली. इतवारीतला तो जुना कारखाना, जिथे तुम्ही आयुष्यभर कढईवर उभे राहिलात, तो मोठ्या सेठजींच्या मागे बंद झाला. धाकट्यांनी, त्यांच्या मुलाने, हिंगण्याच्या रस्त्यावर नवा बांधला आहे. तिथे वर्षभर संत्र्याच्या गोळ्या होतात आणि होळी जवळ आली की गाठ्या. मी तिथे माल तपासते. प्रत्येक लॉट माझ्या सहीशिवाय गेटबाहेर जात नाही. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "म्हणजे सेठ बी तुले विचारून माल पाठवते?" मी हसून हो म्हटलं होतं.

तुमचा कारखाना मला अजून वासाने आठवतो. उकळत्या पाकावर दुधाचा हबका मारला की मळी वर यायची, तो वास. मी शाळेतून थेट तिथे यायचे. भिजवलेले लाकडी साचे भिंतीला लावून ठेवलेले असायचे, मावशी त्यांच्या खाचेतून दोरा घालून द्यायची आणि तुम्ही पळीने ओतत जायचात, एकही थेंब बाहेर नाही. मावशी म्हणजे आपली नात्यातली कोणी नाही, तुमच्याबरोबर काम करणारी, पण मी तिला दुसरं काही म्हटल्याचं आठवत नाही. रंगाची पुडी मोठे सेठजी स्वतः आणायचे, गांधीबागेतल्या त्या दुकानातून जिथे ओढण्या रंगवायचा रंग मिळायचा. पाकालाही तोच आणि कापडालाही तोच, यात काही वेगळं आहे असं तिथे कोणालाच कधी वाटलं नाही. त्या दिवसांत तुमचे हात कोपरापर्यंत गुलाबी असायचे. आपल्या घरी होळी नव्हती, आजोबांनी दीक्षा घेतली त्या वर्षापासूनच नव्हती, आणि गल्लीतली माणसं तुम्हाला चिडवायची, "काय गा, होळी मानत नाही म्हंते आन् सगळ्यात जास्त तूच रंगून रायला." तुम्ही पण हसायचात. पाडवा होऊन जायचा तरी तो रंग नखांच्या कडेला राहायचा.

कॉलेजला प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही मला प्रयोगशाळेत घालायचा पांढरा कोट आणला होता. बर्डीच्या बाजारात दोन दुकानं फिरून आणला, कारण पहिल्या दुकानातला तुम्हाला पातळ वाटला. तो तुम्ही घडी उघडून माझ्या खांद्यावर धरून पाहिला आणि कॉलरवर तुमच्या अंगठ्याचा गुलाबी ठसा उमटला. आईने सोडा लावला, साबण लावला, लिंबू लावलं, ठसा गेला नाही. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते पुढच्या वर्षी. सरांनी सांगितलं, घरून कोणताही रंगीत गोड पदार्थ आणा, त्यातला रंग आपण वेगळा करून बघू. मी तुमची गाठी नेली. मला ती सगळ्यांना दाखवायची होती. कागदाच्या पट्टीवर प्रत्येकीच्या मिठाईतला रंग आपापल्या ओळखीच्या जागी जाऊन थांबला. माझा कोणाच्याच शेजारी थांबला नाही, आणि जांभळ्या दिव्याखाली धरला तर पेटल्यासारखा चमकायला लागला. सर म्हणाले, हा खायचा रंग नाही, हा कापडाचा आहे, याला बंदी आहे, ही मिठाई कुठली? मी म्हटलं, इतवारीतली. ते म्हणाले, मग घरी सांगून ठेव, घेत जाऊ नका.

मी घरी सांगितलं. तुम्ही जेवायला बसला होतात. मी आधी सगळं नीट समजावलं, रंगाचं नाव, बंदी का आहे ते, लहान मुलांना काय होऊ शकतं ते. आवाज वाढला असेल माझा, मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि जगात सगळं दुरुस्त करता येतं असं मला वाटत होतं. तुम्ही ताटावरून उठलात, पिशवीतून गाठी काढली आणि माळेतलं सगळ्यात मोठं साखरेचं पदक दातांनी तोडून माझ्यासमोर चावायला लागलात. कडाकडा आवाज येत होता. "एवढी वर्सं खाऊन रायलो," तुम्ही म्हणालात, "मले काय झालं? लोकायच्या पोरायले जहर चारून रायलो का मी?" आई म्हणाली, "अवो, पोरगी फक्त सांगून रायली." तुम्ही म्हणालात, "तिले सांग, सेठनं जे देल्लं थे मी टाकतो. त्याच्यावरच तिचं कालेज चालू हाय." तुमचे ओठ, दात, जीभ सगळं गुलाबी झालं होतं आणि डोळ्यांत पाणी होतं. मी तुम्हाला कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे मला ते ठसका लागल्याचं पाणी वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तुम्ही चपला घालता घालता सहज विचारल्यासारखं विचारलंत, "मंग कोनता चालते वं?" मी नाव सांगितलं. तुम्ही ते दोनदा म्हणून पाहिलं, तुमच्या तोंडात ते नीट बसेना, आणि म्हणालात, "महाग असन," आणि गेलात. पुढे आपण त्यावर बोललो नाही. त्या उन्हाळ्यात तुमच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी सांगितलं, रंगाचा आणि याचा काही संबंध नाही. मी दोन वेगवेगळ्या डॉक्टरांना विचारलं.

आता कारखान्यात तो कापडाचा रंग नाही. धाकट्या सेठजींनी तो पहिल्या दिवसापासून बंद केला. आता डब्यातला, शिक्क्याचा, कायद्यात बसणारा रंग येतो, तुम्हाला मी जो सांगितला होता तोच लाल, आणि तो किती टाकायचा त्याची मर्यादा मी स्वतः मोजते. मला वाटलं होतं, इथे गोष्ट संपली. पण या वर्षी युरोपातल्या एका व्यापाऱ्याने गाठ्या मागवल्या. तिकडे मराठी कुटुंबं आहेत, त्यांना होळी-पाडव्याला मुलांच्या गळ्यात घालायला हव्या असतात. त्याने कळवलं की आमचा तो लाल तिकडे चालतो, पण पाकिटावर छापावं लागतं की या रंगाचा मुलांच्या वागण्यावर आणि लक्षावर वाईट परिणाम होऊ शकतो. असं छापलेली गाठी कोणती आई घेईल, म्हणून त्याला रंगच बदलून हवा होता, बिटाचा. मग मी वाचत सुटले. हाच लाल अमेरिकेत तर यादीतच नाही, त्यांच्याकडे तो खाण्यात घालताच येत नाही. आपल्याकडे मर्यादेत चालतो, पाकिटावर फक्त मान्य कृत्रिम रंग आहे एवढं लिहिलं की झालं. पण तिकडचे सगळे शहाणे आणि आपण अडाणी असंही नाही, बाबा. एक हिरवा आहे, तो आपल्याकडे चालतो, अमेरिकेतही चालतो, युरोपात चालत नाही. म्हणजे प्रत्येक देशाने वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कागदांवरून, वेगवेगळ्या भीतीने ठरवलं आहे, आणि पोरांची पोटं सगळीकडे सारखीच. तुम्ही मला विचारलं होतं कोणता चालतो. मला आता ते उत्तर इतकं सरळ देता येणार नाही. कुठे, हे आधी विचारावं लागेल.

आम्ही एका कढईतून परदेशचा माल ओतायचो आणि शेजारच्या कढईतून नागपूरचा. साचे तेच, दोरा तोच, मावशी तीच. तुमच्या जागी आता मावशी ओतते, तुम्हीच शिकवलेलं आहे, पळी धरायची तुमचीच पद्धत. मला ते दोन कढयांचं बघवेना. मी सेठजींकडे गेले आणि म्हटलं, आपल्या पोरांसाठीही बिटाचा करू. ते मला लहानपणापासून ओळखतात, बेटा म्हणतात. म्हणाले, "बेटा, कायदा तर आपण पाळूनच राहिलो ना?" मी म्हटलं, पाळतो आहोत, पण ज्या रंगाच्या पाकिटावर तिकडे सावध करायला सांगतात, त्याच रंगाचं पाकीट इथे आपण काही न सांगता विकतो, मला ते बरोबर वाटत नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "चल, एक लॉट करून पाहू. इतवारीत उठला तर सगळा माल बिटाचा. वापस आला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. मंजूर?" मी मंजूर म्हटलं. माझे पाय जमिनीवर नव्हते.

बिटाचा रंग पाकाच्या उष्णतेने मरतो. खाली उतरवून, शेवटी शेवटी घातला, लिंबाचं सत्व घातलं, तरी त्याचा गुलाबी मातकट होतो. मला तो वाईट दिसत नाही, जुन्या सुती साडीसारखा दिसतो. मावशीने नमुन्याला ओतलेला पहिला साचा उघडला, गाठी बोटावर धरून उजेडात फिरवली आणि म्हणाली, "काय वं, हे लेकराच्या गळ्यात घालाची हाय का तेरवीले वाटाची हाय?" बाया हसल्या. मीही हसले. मग मला सेठजींनी ऑफिसात बोलावलं, परदेशच्या कागदांचं काही होतं, आणि मी परत आले तोवर कढई संपून साचे बंद झाले होते. दुसऱ्या दिवशी उघडलेल्या गाठ्या छान गुलाबी होत्या. मला वाटलं, लिंबाचं सत्व लागू पडलं. बाबा, मी चार वर्षं हेच शिकले आहे आणि मला तसं वाटलं, कारण मला तसंच वाटायला हवं होतं. मी पाकिटावरची ओळ लिहिली, सही केली, माल गेला. दुकानदारांचे फोन यायला लागले, अजून पाठवा, गुलाबी चांगला उतरला आहे. सेठजींनी सगळ्या ऑफिससमोर सांगितलं की पोरीने करून दाखवलं. मी आईसाठी संत्रा बर्फी घेऊन घरी आले.

त्या लॉटमधली एक गाठी मी माझ्या टेबलामागच्या खिडकीत अडकवली होती, शोभेला. तिच्यावर दुपारचं ऊन पडतं. बिटाचा रंग नागपूरच्या मार्चच्या उन्हात टिकत नाही, परदेशच्या मालातली एक तिथेच होती, ती तांबूस, मग राखेसारखी होत गेली. माझी जशीच्या तशी राहिली. मी रोज बघत होते आणि रोज दुसरं काहीतरी काम काढत होते. शेवटी ती पाण्यात विरघळवून कागदावर चढवली, आणि तो लाल आपल्या ओळखीच्या जागी जाऊन थांबला.

मावशीला मी जेवणाच्या सुट्टीत विचारलं. तिने काही लपवलं नाही. डब्याचं झाकण लावत म्हणाली, "हाव, टाकला. बाजूच्या डब्यातला. चिमटीभरच टाकला."

"काहून टाकला, मावशी?"

"काहून म्हंजे? तुयी गाठी वापस आली असती तं? थो सेठ तोंडावर गोड बोलते, पन एकडाव माल वापस आला का तुले दारात उभी नसती केली त्यानं. मी पाहून रायली ना, तू कशी नाचून रायली होती त्या लॉटच्या मांगं. तुया बापानं मले पळी धराले शिकवलं. त्याच्या पोरीची गाठी मी फिक्की जाऊ देईन का?"

मी म्हटलं, मावशी, पाकिटावर लिहिलं आहे बिटाचा रंग. ती म्हणाली, "तं बीट हाय ना त्याच्यात. वरतून थोडा आपला हाय. चांगलाच तं हाय थो, शिक्क्याचा. तूच म्हंते." मला तिच्यावर रागावता येईना. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "तू काहून रडून रायली वं, माल तं खपला."

त्यानंतर मी इतवारीत गेले होते, ज्याचं सुरुवातीला लिहिलं. पाकिटं परत मागावीत असं मनात होतं, पण बहुतेक खपली होती, आणि त्या आजीला काय सांगणार होते मी? की आजी, रंग कायद्यातला आहे, फक्त त्यावरचा शब्द खोटा आहे? काल शनिवारी सकाळी सेठजींच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं की त्या लॉटमध्ये बिटाबरोबर नेहमीचा रंग मिसळला गेला, लक्ष माझं असायला हवं होतं, चूक माझी. मावशीचं नाव घेतलं नाही. ते मोठ्याने हसले. "बुढीचं काम आहे हे," ते म्हणाले. मग खुर्चीत पुढे सरकले. "बेटा, पण पाह ना, काय झालं. बाजारानं दोन गोष्टी घेतल्या. आपला रंग आन् तुझी ओळ. दोन्ही एकत्र घेतल्या. पाडव्याचा लॉट असाच काढू."

मी म्हटलं, म्हणजे पाकिटावर बीट आणि आत हा?

"बीट बी टाकू ना थोडंसं. खोटं काहून बोलू आपण."

मी म्हटलं, ते खोटंच होईल. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. म्हणाले, "तू टेन्शन काहून घेऊन राहिली? रंग कायद्यातला आहे, पोरं तेच खाऊन राहिले जे कालपर्यंत खात होते. फायदा झाला तर बायांना सीझन संपल्यावरही काम देऊ, तुझ्या मावशीलाही. सोमवारी लॉट निघते, तू फक्त सही कर." मी उठले तेव्हा ते हळूच म्हणाले, अगदी मायेने, "तुझ्या बाबांनी आमच्या घरी कधी नाही म्हटलं नाही."

ते खरं आहे, आणि म्हणूनच मी कालपासून घरात एका जागी बसू शकलेले नाही. मी मनात दोन्ही बाजूंनी भांडते आहे. विष नाही, बंदीचा माल नाही, मी मोजलेलाच रंग आहे, मग एका ओळीसाठी एवढं काय? आणि लगेच, ती ओळ वाचून कोणीतरी दुसरी बाजूला ठेवून ही उचलते, तिने माझ्यावर विश्वास ठेवलेला असतो. ज्या देशात सावध करणारी ओळ छापावी लागते तिथे आपण ती छापायला नको म्हणून रंग बदलला, आणि आपल्या गावात रंग तोच ठेवून वर दिलासा छापायचा, हे मला कोणत्याच बाजूने फिरवलं तरी सरळ दिसत नाही. आईला अजून काही सांगितलेलं नाही. ती विहारातून येईल, पाणी पिईल आणि विचारेल काय लिहून राहिली, आणि मी म्हणेन ऑफिसचं.

उद्या मी सही करणार नाही. सेठजींना सांगेन की पाकिटावरची ओळ काढा, मग आत्ताच्या आत्ता सही करते, फिक्का असो की गुलाबी असो, जे आहे ते लिहा. ते ऐकतील असं मला वाटत नाही. मावशीचं काय होईल, आईला मी काय सांगेन, दुसरी नोकरी किती दिवसांनी मिळेल, यातलं काही मला माहीत नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर मी तुमच्या फोटोसमोर जाऊन वाचणार होते. आता नाही वाचणार. कारण तुम्ही काय म्हणाला असतात ते मला पक्कं माहीत आहे. तुम्ही चपला शोधल्यासारखं करत खाली बघून म्हणाला असतात, करून टाक सही, माय, आपल्या हातात काय हाय. आणि तुम्ही समोर बसून तसं म्हणाला असतात, तर मी केली असती. तुम्ही गेल्यापासून रोज वाटत आलं की तुम्हाला विचारता आलं असतं तर बरं झालं असतं. आज पहिल्यांदा विचारता येत नाही याचं बरं वाटलं, बाबा.